उडत्या नगराचा वेढा

किल्ल्यांचा धडा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. तट, बुरूज, खंदक, चोरदरवाजा असे सगळे फळ्यावर काढून झाले की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, "पण सर, शत्रूला उडता येत असेल तर? आणि जादू येत असेल तर?" वर्ग हसतो. आपणही हसतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आम्हाला मात्र वाटते की हा प्रश्न इतक्या सहज सोडून देण्यासारखा नाही. उडणारा आणि जादू करणारा शत्रू समोर आला तर तटबंदीचे काय करायचे, याचा विचार फार पूर्वी एका ग्रंथकाराने केलेला आहे, आणि तोही चांगला तपशीलवार. तो ग्रंथ म्हणजे महाभारत.

वनपर्वात ही हकिकत येते. पांडव द्यूतात सर्वस्व हरून वनात गेले आहेत. कृष्ण त्यांना भेटायला येतो आणि म्हणतो, मी द्वारकेत असतो तर हे द्यूत होऊ दिले नसते. युधिष्ठिर साहजिकच विचारतो, मग तू होतास कुठे? उत्तरादाखल कृष्ण द्वारकेच्या वेढ्याची कथा सांगतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तयार केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा आरण्यकपर्वाच्या पंधराव्या अध्यायापासून तेविसाव्या अध्यायापर्यंत आहे. शिशुपालाच्या वधाचा सूड घेण्यासाठी शाल्व राजा द्वारकेवर चालून येतो. त्याचे सौभ नावाचे नगर आकाशात उडते, हवे तिकडे जाते. शिवाय त्याला माया येते. त्या वेळी कृष्ण इंद्रप्रस्थाला राजसूय यज्ञासाठी गेलेला आहे. म्हणजे शत्रू उडता, मायावी, आणि नगरातला सर्वांत समर्थ पुरुष बाहेरगावी.

आता अशा शत्रूसाठी द्वारकेने कोणती तयारी केली? आपली अपेक्षा असते की मंत्र, यज्ञ, दिव्य अस्त्रे यांची जंत्री येईल. येते ती भलतीच यादी.

नगरावर पताका आणि तोरणे होती, बुरूज आणि गोपुरे होती, यंत्रे आणि ती चालवणारे होते, सुरुंग खणणारे होते. शतघ्नी, भुशुंडी, परशू, दगड, पेटते पलिते यांचा साठा होता. इथपर्यंत ठीक. पण त्याच दमात सरपण आणि गवत यांचाही उल्लेख आहे. वेढ्यात हत्तीघोडे कोंडून पडतात, त्यांना चारा लागतो, आणि दाणागोटा असला तरी तो शिजवायला जळण लागते, हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे. येण्याजाण्याचे पूल तोडून टाकले. नावांना बंदी केली. खंदकात खुंट रोवले. नगराभोवती एक कोसपर्यंतची जमीन मुद्दाम उंचसखल करून टाकली. नगरात दवंडी पिटली की कोणीही मद्य प्यायचे नाही, कारण शत्रू गाफील लोकांवरच घाव घालतो. द्वारका ज्या आनर्त देशात होती, तिथले नट, नर्तक आणि गायक यांना नगराबाहेर घालवले. आणि सर्वांत महत्त्वाचे, मुद्रा असल्याशिवाय कोणी बाहेर जायचे नाही आणि मुद्रा असल्याशिवाय कोणाला आत घ्यायचे नाही.

नटनर्तकांवर अन्याय झाला असे आम्हाला वाटते. द्रव्याचा साठा राखणाऱ्यांनी त्यांना घालवले, एवढेच कारण दिलेले आहे. पण कौटिल्याचे अर्थशास्त्र वाचले तर दुसरे कारणही सुचते. तिथे हेरांच्या सोंगांत नट, नर्तक, गायक वारंवार येतात. गावोगाव हिंडणारा आणि कोणत्याही घरात सहज शिरणारा माणूस वेढ्याच्या काळात संशयास्पद ठरतो, मग त्याची कला कितीही मोठी असो.

सैन्याबद्दलचा मजकूर तर शिक्षकांना विशेष कळेल. सैनिकांना पगार आणि शिधा दिलेला होता. कोणाला हलक्या धातूत पगार दिलेला नव्हता, कोणाचा पगार थकलेला नव्हता, वशिल्याने कोणाची भरती झालेली नव्हती, आणि ज्याचा पराक्रम पाहिलेला नाही असा एकही जण नव्हता. उडत्या नगराशी गाठ असताना सांगणारा थकबाकीविषयी बोलतो! किल्ले बहुधा तट फुटून पडत नाहीत, आतला कोणीतरी दार उघडतो म्हणून पडतात, आणि दार उघडणारा बहुधा उपाशी किंवा नाराज असतो. हे ज्याला माहीत आहे त्यानेच ही यादी लिहिली असणार.

एका कोसाचा हिशेब

त्या एक कोस उंचसखल जमिनीकडे जरा थांबून पाहू, कारण तिच्यात एक छान गणित दडलेले आहे. जुन्या ग्रंथांत कोसाचे माप एक हजार धनुष्ये आणि दोन हजार धनुष्ये असे दोन्ही सापडते. एक धनुष्य म्हणजे ९६ अंगुले, सुमारे १.८ मीटर. आपण लहान माप घेऊ, म्हणजे कोस झाला सुमारे १,८०० मीटर.

आता समजा एक वर्तुळाकार नगर आहे, त्याची त्रिज्या ५०० मीटर. शत्रू तटाला अगदी भिडून वेढा घालू शकला तर त्याच्या वेढ्याची लांबी सुमारे ३,१०० मीटर होईल. भोवतालच्या खाचखळग्यांमुळे त्याला एक कोस मागे तळ ठोकावा लागला तर त्रिज्या २,३०० मीटर होते आणि परीघ सुमारे १४,४०० मीटर. वाढ झाली ११,३०० मीटरची. विद्यार्थ्यांना आता विचारावे, नगराची त्रिज्या ५०० मीटरऐवजी ५,००० मीटर असती तर वाढ किती झाली असती? बहुतेक जण फार मोठा आकडा सांगतील. उत्तर तेच आहे, ११,३०० मीटर. परिघाच्या सूत्रात मूळ त्रिज्या वजाबाकीत निघून जाते आणि दोन पाय गुणिले एक कोस एवढेच उरते. नगर लहान असो की मोठे, शत्रूला कोसभर मागे रेटले की त्याच्या अंगावर अकरा किलोमीटरहून अधिक जादा पहारा पडतो. दर पाच मीटरला एक पहारेकरी धरला तर एका पाळीला सव्वादोन हजारांहून अधिक माणसे, तीन पाळ्यांना पावणेसात हजारांच्या आसपास. त्या सगळ्यांना रोज जेवायला लागणार, प्यायला पाणी लागणार. द्वारका समुद्रकाठी, त्यामुळे तिथे पुरे वर्तुळ धरता येणार नाही, निम्मे धरावे. तरी हिशेब पुरेसा बोलका आहे.

धनुष्याच्या टप्प्याचा विचार केला तर हा कोस त्याहून कितीतरी मोठा आहे. चांगल्या धनुष्यातून बाण सेकंदाला ५० ते ६० मीटर वेगाने सुटतो. हवेचा रोध सोडून दिला आणि ४५ अंशांचा कोन धरला, तर ६० मीटर वेगाचा बाण सुमारे ३७० मीटर जातो. म्हणजे तटावरच्या तिरंदाजासमोर मोकळे मैदान राखणे एवढाच हेतू असता तर अर्धा किलोमीटर पुरला असता. बाकीचा पट्टा शत्रूचे रथ, हत्ती, गाड्या यांना दमवण्यासाठी आणि वेढा पातळ करण्यासाठी आहे, असे आम्ही समजतो.

उडणाऱ्याला पायदळ कशाला?

आता शाल्वाची बाजू. त्याने येताच अनेक वृष्णी तरुणांना मारले, नगराबाहेरची उद्याने उद्ध्वस्त केली. पण उडते नगर हाताशी असूनही त्याने सोबत चतुरंग सेना आणली, आणि ती उतरवली कुठे? सपाट जमिनीवर, भरपूर पाणी असलेल्या जागी, स्मशाने, देवळे आणि वारुळे टाळून. कोणत्याही जमिनीवरच्या सेनापतीने निवडावी तशीच ही जागा आहे.

याचे कारण वेढा या शब्दातच आहे. वेढा म्हणजे मारा नव्हे, वेढा म्हणजे अडवणूक. आत जाणारे धान्य, बाहेर येणारा माणूस, जाणारी येणारी बातमी हे सगळे अडवायचे असते. आकाशात एका ठिकाणी तरंगणारी वस्तू कितीही भयंकर असली तरी ती रात्रीच्या अंधारात खंदकाच्या कडेने सटकणारा एक माणूस अडवू शकत नाही. त्यासाठी जमिनीवर पाय रोवून उभी असलेली माणसेच लागतात. आणि ती आली की त्यांचे पोटही आले. म्हणून वेढा घालणारा हाही एका अर्थाने वेढ्यात असतो, त्याचा शत्रू असतो दिवसांची संख्या.

आतल्यांच्या बाजूने हीच संख्या मोजून पाहावी. हजार माणसे, प्रत्येकी रोज फक्त तीन लिटर पाणी, नव्वद दिवस. झाले दोन लाख सत्तर हजार लिटर, म्हणजे २७० घनमीटर. दहा मीटर लांब, नऊ मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे एक टाके. सह्याद्रीतल्या गडावर सहल नेली की मुले तोफा शोधतात. त्यांना टाक्यांची मापे घ्यायला लावावीत, आणि त्यावरून गडावर किती माणसे किती दिवस तगली असती ते काढायला सांगावे. धान्याबद्दल कौटिल्याने एक चांगला नियम दिला आहे. तेल, तूप, धान्य, मीठ, औषधे, सरपण असा साठा अनेक वर्षे पुरेल एवढा करावा आणि नवे आले की जुने काढून वापरावे. आपल्या घरच्या फडताळात आई हेच करत असते.

उंचीचे बळ किती?

उंचावरून मारा करणाऱ्याला फायदा मिळतोच, यात शंका नाही. पुढे कृष्ण शाल्वाचा पाठलाग करत समुद्रापर्यंत जातो तेव्हा सौभ साधारण एक कोस उंचीवर तरंगत होते आणि आपल्या सैन्याच्या माऱ्याच्या पलीकडे होते, असे तो सांगतो. हे विधान तपासून पाहू. १,८०० मीटर उंच बाण पोचवायचा तर तो सुटताना सेकंदाला सुमारे १८८ मीटर वेग हवा (वेगाचा वर्ग बरोबर २ × ९.८ × उंची). ६० मीटर वेगाचा बाण सरळ वर सोडला तर हवेचा रोध न धरताही १८४ मीटरवर थांबतो. म्हणजे कोसाचा जेमतेम दहावा हिस्सा. वेग तिपटीने वाढवला तर उंची नऊपट होते, म्हणूनच हे अंतर ओलांडणे इतके अवघड.

पण तोच हिशेब उलट बाजूनेही करावा. सौभातून खाली सोडलेला दगड जमिनीवर यायला निदान १९ सेकंद लागतात. हवेच्या रोधामुळे प्रत्यक्षात याहूनही जास्त. एकोणीस सेकंदांत माणूस रमतगमत चालला तरी पंधरावीस मीटर बाजूला होतो. सौभ स्वतः सेकंदाला दहा मीटर वेगाने सरकत असेल तर रोध न धरता दगड सोडल्या जागेपासून १९० मीटर पुढे पडेल, कारण सुटताना त्याच्या अंगी तोच वेग असतो. तेव्हा उंचावरून उद्यान उद्ध्वस्त करता येते, घरे मोडता येतात, पण विशिष्ट माणूस किंवा वेशीचे दार नेमके टिपणे फार कठीण. शाल्वाने उद्यानांची नासधूस केली पण द्वारका त्याच्या हाती लागली नाही, हे या हिशेबाशी जुळते. नगराबाहेर साम्ब, चारुदेष्ण आणि प्रद्युम्न यांनी जमिनीवरची लढाई दिली आणि शेवटी शाल्व वेढा उठवून निघून गेला. प्रद्युम्न बेशुद्ध पडला असता सारथ्याने रथ मागे नेला आणि शुद्धीवर येताच त्याने सारथ्यालाच फैलावर घेतले, तो प्रसंग मुळातून वाचण्यासारखा आहे. इथे त्यात शिरत नाही.

माया म्हणजे काय?

उंचीचा हिशेब लागला. मायेचा कसा लावायचा? इथेही कौटिल्याची मदत होते. त्याच्या अर्थशास्त्राचे तेरावे अधिकरण शत्रूचा किल्ला घेण्याच्या उपायांचे आहे, आणि त्याची सुरुवात शिड्या किंवा सुरुंगांनी होत नाही. चढाई करणाऱ्या राजाने आपण सर्वज्ञ आहोत आणि देव आपल्याशी बोलतात असा समज पसरवावा, त्याने आपले लोक चेव घेतात आणि शत्रूचे लोक हादरतात, असे तो म्हणतो. मग ते कसे करायचे याच्या युक्त्या येतात. अग्नीच्या मंदिरात भुयारातून शिरलेल्या हेराशी राजाने देव समजून बोलावे. पाण्यात दगडांनी ताणून धरलेला तराफा दडवून त्यावर उभे राहावे, म्हणजे पाण्यावर उभे असल्यासारखे दिसते. परदेशातली घटना पाळीव कबुतराकरवी त्याच दिवशी समजून घ्यावी आणि ती आपल्याला अंतर्ज्ञानाने कळली असे भासवावे. या कबुतराने आणलेल्या निरोपावरही मुद्रा असावी असे त्याने आवर्जून नोंदवले आहे. लोकांना जादू दाखवणारा स्वतः मात्र आलेल्या बातमीवरची मोहोर बघूनच विश्वास ठेवतो!

आपल्याकडच्या रामसेजच्या वेढ्यात याची उलटी बाजू दिसते. नाशिकजवळचा हा लहानसा गड औरंगजेबाच्या फौजेने १६८२ साली वेढला आणि तो लवकर हाती येईना. खाफीखानाने लिहून ठेवले आहे की भुतेखेते वश असल्याचा दावा करणाऱ्या एका माणसाने सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला. गडावरून गोफणीचा एक दगड आला, त्याच्या छातीवर बसला आणि नाग हातातून पडला. त्याच खाफीखानाच्या म्हणण्याप्रमाणे गडावर लोखंडी तोफ नव्हती, तेव्हा आतल्यांनी लाकडाचे ओंडके पोखरून तोफा केल्या होत्या. ज्यांनी ओंडक्यांची तोफ करून पाहिली त्यांच्यावर नागाचा प्रभाव पडला नाही.

आता कृष्णाकडे येऊ. समुद्रावरची लढाई ऐन भरात असताना एक माणूस त्याच्या रथापाशी येतो. तो सांगतो की आपण द्वारकेहून, आहुक राजाकडून आलो आहोत. निरोप असा, की शाल्वाने द्वारकेत जाऊन वसुदेवाला ठार केले, आता लढाई पुरे, परत ये आणि द्वारका वाचव. कृष्ण हादरतो. आणि मग तो जो विचार करतो तो तर्कशास्त्राच्या तासाला घेण्यासारखा आहे. द्वारकेच्या रक्षणाला मी बलराम, सात्यकी, प्रद्युम्न यांना ठेवून आलो. ते जिवंत असताना खुद्द इंद्रालाही वसुदेवाला मारता येणार नाही. वसुदेव तर मारला गेला. त्या अर्थी ते सगळेच मारले गेले.

तर्कात कुठेही चूक नाही. एका पायरीवरून दुसरी पायरी बरोबर निघते. चूक आहे ती पहिल्या विधानात, वसुदेव मारला गेला या बातमीत, आणि ती तपासलेलीच नाही. ज्या द्वारकेत मुद्रेशिवाय कोणाला पाऊल ठेवू देत नव्हते, त्या द्वारकेचा म्हणून आलेल्या माणसाला मुद्रा विचारल्याचे इथे कुठे दिसत नाही. खोटी बातमी जितक्या हुशार माणसाच्या हाती पडते तितका तो तिच्यातून अधिक निष्कर्ष काढतो. एका मृत्यूच्या बातमीतून कृष्णाने स्वतःच बाकीचे मृत्यू काढले. शाल्वाला ते सांगावेही लागले नाहीत.

लगेच सौभातून वसुदेवाचे शरीर खाली कोसळताना त्याला दिसते, हातातले शार्ङ्ग धनुष्य गळून पडते. थोड्या वेळाने भानावर येऊन तो पाहतो तर सौभ नाही, शाल्व नाही आणि वसुदेवही नाही. तेव्हा त्याची खात्री पटते की ही माया होती. पडलेले शरीर कुठेतरी असायला हवे, ते नाही, म्हणजे ते पडलेच नव्हते. एवढी साधी तपासणी केल्यावर मायेचा जोर संपला. भांबावलेल्या माणसाला ती सुचायला वेळ लागतो, आणि युद्धात तेवढा वेळही शत्रूला पुरतो.

सौभ दिसेनासे झाल्यावर कृष्णाने आवाजाच्या रोखाने जाणारे अस्त्र वापरले आणि ओरडणारे दानव त्याला बळी पडले, असे पुढे वर्णन आहे. एका दिशेचा आवाज थांबला की दुसऱ्या दिशेने येई. वर्गात एका मुलाचे डोळे बांधून इतरांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून टाळ्या वाजवाव्यात. तो बोटाने दिशा बरीच अचूक दाखवील, एक कान बोटाने बंद केला की मात्र गडबडेल. दोन्ही कानांपर्यंत आवाज पोचण्यातला सूक्ष्म फरक मेंदू मोजत असतो. कोसभर अंतरावरून आवाज यायला पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, तेव्हा सरकत्या शत्रूचा आवाज नेहमीच त्याची जुनी जागा सांगणार. दूरवरच्या विमानाचा आवाज एकीकडून येतो आणि विमान त्याच्या पुढे दिसते, तसेच हे.

अखेर सुदर्शन चक्राने सौभाचे दोन तुकडे केले, करवतीने लाकूड कापावे तसे, आणि ते खाली कोसळले. मग शाल्वही मारला गेला. इथे मात्र आपला हिशेब थांबतो, कारण सुदर्शनाला कोणतेही सूत्र लावता येत नाही. कृष्ण द्वारकेला परतला तेव्हा हस्तिनापुरातले द्यूत होऊन गेलेले होते. वनात बसलेल्या युधिष्ठिराला तो हेच सांगत होता, की या वेढ्यापायी मला यायला उशीर झाला.